पुतळे गेले, आवाज राहिला

ह्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी उमापुरातील एका गृहस्थांनी आम्हांला वाटेत थांबविले आणि विचारले, "गुरुजी, रशिया बुडाला त्यात उमापूरचं काय बुडालं?" प्रश्न रास्त होता. साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर युरोपातील चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी आपल्या समाजाची आठवण कशी जपली, हा विषय गोदाकाठच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचा, तर त्याचा येथल्या मातीशी काय संबंध, हे आधी सांगणे प्राप्तच आहे.

संबंध आहे. १९६७ साली आपल्या बीड मतदारसंघाने लोकसभेवर कोणाला पाठविले? साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना. आणि ते निवडून आले ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने. पुढे दहा वर्षांनी, १९७७ साली, ह्याच मतदारसंघाने गंगाधरअप्पा बुरांडे यांना दिल्लीस धाडले. ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. मराठवाड्यातील एका दुष्काळी जिल्ह्याने दोन वेळा लाल बावट्याचा माणूस संसदेत बसविला, ही गोष्ट आज शाळकरी मुलांस सांगितली तर ती थट्टा समजतात. एवढी मोठी गोष्ट पन्नास-साठ वर्षांत विस्मरणात जाते. ती कशी जाते, आणि गेलेली परत आणता येते काय, हाच आमचा विषय आहे.

एक भेद मात्र आरंभीच लक्षात ठेवला पाहिजे. पूर्व युरोपात साम्यवाद ही सत्ता होती. पोलीस तिचे, वर्तमानपत्र तिचे, शाळा तिची आणि चौकातला पुतळाही तिचाच. आपल्याकडे बीड जिल्ह्यात तो सत्तेवर कधीच नव्हता. येथे तो मोर्चा होता, सभा होती, जमिनीची आणि मजुरीची मागणी होती. तेथील लोकांस आठवते ती भीती. येथील लोकांस आठवते, आठवलीच तर, ती आशा. तेथे एका राजवटीचा हिशेब मांडावयाचा होता. येथे ज्याचा कधी अंमलच झाला नाही अशा एका वचनाचा हिशेब आहे, आणि तो मांडणे आमच्या मते अधिक कठीण आहे.

आता तिकडची हकीकत. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. त्या वर्षअखेरीपर्यंत पूर्व युरोपातील बहुतेक साम्यवादी सरकारे गडगडली आणि २५ डिसेंबर १९९१ रोजी क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. मग प्रश्न पडला तो पुतळ्यांचा. बुडापेस्टच्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी रस्त्यांतले लेनिन आणि मार्क्स फोडले नाहीत. शहराबाहेर एक बाग करून त्यांना तेथे नेऊन उभे केले. १९९३ साली ती बाग लोकांस खुली झाली. पुतळे तेच, हात उगारलेले, छाती काढलेली; पण समोर सलामी देणारे कोणी नाही. सोफियात उलटे झाले. बल्गेरियाचे नेते दिमित्रोव्ह वारले तेव्हा, १९४९ साली, त्यांच्या देहासाठी अवघ्या सहा दिवसांत एक समाधिमंदिर उभारले होते. १९९९ साली सरकारने ते सुरुंग लावून उडवावयाचे ठरविले, तर पहिल्या स्फोटाने ते पडेचना! सहा दिवसांत बांधलेली इमारत पाडताना एवढी दमछाक व्हावी, ह्यावर तिकडे पुष्कळ विनोद झाले म्हणतात, झाले असावेत.

प्राग शहरात एका चौथऱ्यावर रशियन रणगाडा ठेवलेला होता, १९४५ साली रशियाने शहर मुक्त केले त्याचे स्मारक म्हणून. पण १९६८ साली तसलेच रणगाडे त्या देशाला चिरडण्यासाठी आले होते. १९९१ साली डेव्हिड चेर्नी नावाच्या एका तरुण कलाविद्यार्थ्याने तो रणगाडा रातोरात गुलाबी रंगवून टाकला. त्याला पकडले, सैन्याने रणगाडा पुन्हा हिरवा केला, तर निषेध म्हणून संसदेतील काही सभासदांनी स्वतः जाऊन तो परत गुलाबी केला. आमच्या मते हा पोरखेळच होता, पण असा पोरखेळ की ज्याने त्या स्मारकाकडे लोकांना खरोखर पाहावयास लावले. तोवर त्याच्याजवळून जाणारे लोक वर मान करीत नसत.

ह्याहून खोल विचार केला तो लिथुआनियाच्या देइमांतास नार्केव्हिचुस याने. विल्नियस शहरातील लेनिनचा पुतळा १९९१ च्या ऑगस्टमध्ये क्रेनने उचलून नेला. त्या प्रसंगाचे चित्रण दूरचित्रवाणीच्या संग्रहात होते, जगभर दाखविलेले. २००४ साली ह्या कलावंताने तेच चित्रण घेऊन त्याचा क्रम उलटा लावला, आणि आठ मिनिटांची एक फीत तयार केली. तिच्यात काय दिसते? क्रेनला लटकलेला लेनिन हवेतून खाली येतो, चौथऱ्यावर स्थिरावतो आणि भोवतीचा जमाव आनंदाने हात हलवितो. तोच जमाव, तोच आनंद. पाहणाऱ्याच्या मनात येते की पुतळा बसवितानाही लोक असेच हर्षभरित झाले असतील काय? आणि तेव्हाचे आणि आताचे लोक निराळे होते काय? फितीत एक शब्दही नाही. ज्यांनी आपल्या गावात एका पक्षाचे फलक उतरताना आणि दुसऱ्याचे चढताना पाहिले आहेत, त्यांस त्याची गरजही पडू नये.

पण आम्हांला सर्वांत अधिक जी गोष्ट सांगावयाची आहे ती अल्बानियाची. हा देश लहान, डोंगराळ आणि युरोपात सर्वांत बंदिस्त. एन्वेर होजा ह्या एकाच पुढाऱ्याने तो १९४४ पासून १९८५ साली मरेपर्यंत आपल्या मुठीत ठेवला. आन्री साला हा १९७४ साली तिराना येथे जन्मलेला मुलगा पुढे पॅरिसला शिकावयास गेला. एकदा घरी परतला असता सामानात त्याला एका चित्रफितीचे रीळ सापडले. पाहतो तो त्यात त्याची आई! वीस वर्षांमागची, तरुण, साम्यवादी युवक संघटनेची कार्यकर्ती, होजासमवेत उभी असलेली; आणि नंतर एका मुलाखतीत बोलत असलेली. परंतु रिळात ध्वनी नव्हता. आईला विचारावे तर आपण काय बोललो ते तिला आठवत नव्हते. मुलाने जुना ध्वनिमुद्रक शोधला, ओळखीपाळखीचे लोक गाठले. ध्वनी कोठेच मिळाला नाही. तेव्हा तो बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत गेला. जे ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखतात अशांकडून त्याने आईचे वाक्य न् वाक्य लिहून घेतले, आणि ते तिच्या चित्राखाली लावून तिला दाखविले.

आई ते वाचते आणि म्हणते, हे माझे बोलणे नव्हे. ह्याला अर्थ नाही, व्याकरण नाही; मी अशी बोलत नाही. ओठ मात्र तिचेच. पक्षाच्या भाषेतील ती ठरीव वाक्ये, एकाला एक जोडलेली, आतून पोकळ. ती तिनेच उच्चारली होती, आणि त्या वेळी मनापासून उच्चारली होती. १९९८ साली पुऱ्या झालेल्या ह्या सव्वीसेक मिनिटांच्या चित्रफितीचे नाव 'इंतर्विस्ता', म्हणजे मुलाखत. मुलगा आईला दोषी ठरवीत नाही, की तिची वकिलीही करीत नाही. आई फसलेली होती असे म्हणणे सोपे होते, आई दुष्ट होती असे म्हणणेही सोपे होते. ती एक हुशार, प्रामाणिक मुलगी होती आणि तिने ती वाक्ये म्हटली, एवढेच तो आपल्यापुढे ठेवतो.

ह्याच काळात झाग्रेबच्या सान्या इवेकोविच हिने निराळी युक्ती केली. युगोस्लाव्हिया फुटल्यावर क्रोएशियात जुनी फॅसिस्टविरोधी स्मारकेही, साम्यवादाची म्हणून, ठिकठिकाणी मोडली गेली. तेव्हा तिने साबण-अत्तराच्या जाहिरातींतील सुंदर तरुणींची छायाचित्रे घेतली, त्यांवरील मालाचे नाव काढले आणि त्या जागी दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढताना पकडलेल्या, मारलेल्या स्त्रियांची नावे व त्यांचे आरोप छापले. वाचक मासिकाचे पान उलटताना थबकावा, एवढाच हेतू. राजवट वाईट होती हे मान्य करूनही, त्या राजवटीच्या आधी जो लढा झाला त्यातली माणसे तिच्याबरोबर पुरून टाकावयाची काय, हा तिचा सवाल आहे.

आता परत गोदाकाठी येऊ. राजवट पडणे म्हणजे काय हे उमापूरकरांना तिकडून शिकावे लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. शेवगाव तालुक्याची हद्द येथून फार लांब नाही. ती तेव्हा संस्थानची आणि इंग्रजी मुलखाची सीमा होती. करोडगिरीचे नाके गेले, हाली सिक्का कालांतराने गेला. वयोवृद्ध माणसे अजून 'रझाकाराच्या साली' असे म्हणून घरातल्या जन्ममृत्यूंचा काळ सांगतात. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, भाषणे होतात, रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी खणखणीत आवाजात सांगितल्या जातात. आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु त्या तारखेनंतरच्या आठवड्यांत काय झाले ते विचारा, की आवाज खाली येतो. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरली. सैन्य आल्यानंतर जे मुसलमान मारले गेले त्यांची संख्या संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार असावी, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळलेले; त्यांच्याखालोखाल जे जिल्हे तिने सांगितले त्यांत बीडही आहे. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्धच झाला नाही. आपल्याकडेही एक ध्वनी नसलेले रीळ आहे, ते हे. ओठांवरून शब्द ओळखून लिहिणारा त्याला अजून पुरता भेटलेला नाही.

लाल बावट्याच्या आठवणीची गत मात्र नेमकी उलटी आहे. गेवराईच्या बाजारात आम्ही एका वृद्ध गृहस्थांना नाना पाटलांच्या निवडणुकीविषयी विचारले. डोळ्यांपुढे त्यांच्या काहीच येईना. सभा कोठे झाली, कोणत्या महिन्यात, व्यासपीठावर आणखी कोण होते, काही नाही. पक्षाचे नावही चटकन सांगता आले नाही. "पण आवाज!" ते म्हणाले. "माईक नसता तरी चाललं असतं." आणि त्यांनी हात उंचावून, मान थोडी वळवून, तो आवाज काढून दाखविला, शब्द नव्हेत, केवळ चढउतार. अल्बानियात चित्र उरले आणि ध्वनी गेला. गेवराईत ध्वनी उरला आणि बाकी सारे गेले. १९६७ साली मतदानाचे वय २१ होते. म्हणजे त्या निवडणुकीत ज्याने मत दिले असा सर्वांत तरुण माणूसही आज ऐंशीच्या आसपास आहे.

मुंबईतील गिरणगावाने आपली आठवण ह्याहून बरी राखली आहे, आणि ह्याचे श्रेय काही अंशी कलावंतांस आहे. तेथेही लाल बावट्याचे राज्य नव्हते, पण दबदबा होता. १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियन निघाली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि पोवाडा, लावणी, तमाशा यांना चाळीच्या चौकात नवे काम दिले. हा दबदबा एका रात्रीत ओसरला नाही. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. सामंत कम्युनिस्ट नव्हते, पण त्या संपाबरोबर गिरणगाव म्हणून जे काही होते ते खचले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भिंत पडली ती तारीख सांगता येते. गिरणगाव पडले ती तारीख कोण सांगणार?

रशियन चित्रकार इल्या कबाकोव्ह याने एक खोली उभी केली होती. भिंतींवर लाल प्रचारपत्रे, मध्ये स्प्रिंगांनी ताणलेले एक आसन, आणि छताला भगदाड. अनेक बिऱ्हाडांच्या सामाईक घरात राहणारा कोणी एक इसम त्या छतातून थेट अंतराळात पळून गेला, अशी कल्पना. समीक्षकांनी त्यावर बरेच लिहिले आहे. परंतु एका नळावर दहा बिऱ्हाडांचे भांडण ज्याने पाहिले आहे त्या लालबागच्या माणसास ते लेखन वाचण्याची गरज नाही. पळावेसे वाटणे आणि पळाल्यावर तीच चाळ आठवणे, ह्या दोन्ही गोष्टी त्यास ठाऊक आहेत.

ही दुहेरी भावना मराठीत ज्यांनी नीट मांडली त्यांत सुधीर पटवर्धन यांचे नाव आम्ही आधी घेऊ. १९४९ साली पुण्यास जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात दवाखाना चालवून चित्रे काढीत. तरुणपणी मार्क्सवादाकडे ओढले गेलेले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांनी रंगविलेला कामगार पाहावा. रशियन भित्तिपत्रकावरचा, हातोडा उगारलेला, पोलादी छातीचा पुरुष तो नव्हे. इराणी हॉटेलात बसलेला, लोकलमध्ये उभा असलेला, थकलेल्या खांद्यांचा माणूस तो आहे. रोज माणसांच्या हाडांची छायाचित्रे पाहणाऱ्यास शरीराविषयी खोटे बोलणे जमत नसावे. २००१ सालचे त्यांचे 'लोअर परळ' हे चित्र गिरण्यांचा मुलूख बदलत असतानाचे आहे. त्यात शोक नाही, घोषणाही नाही. ज्या चित्रकाराने ह्या वस्तीकडून एके काळी क्रांतीची अपेक्षा केली असेल, तो तिच्या जागी काय उगवते आहे ते शांतपणे टिपून ठेवतो. आम्हांला ह्या शांतपणाचा आरंभी रागच आला होता. नंतर वाटले, ओरडण्यासाठी दुसरे पुष्कळ होते. पाहणारा कोणीतरी हवाच होता. जयंत पवार यांच्या 'अधांतर' ह्या १९९७ सालच्या नाटकाने तेच काम रंगभूमीवर केले. संपानंतरचे एक गिरणी कामगार कुटुंब, आणि प्रत्येक मुलाची घसरण निराळ्या वाटेने.

आणि अण्णाभाऊ? त्यांनी महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. १९६१ साली ते स्वतः रशिया पाहून आले आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले. म्हणजे पोवाड्यातले शहर शाहिराच्या हयातीतच नकाशावरून पुसले गेले. १९६९ साली अण्णाभाऊ वारले. पुढे सोव्हिएत संघही गेला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या रुदोमिनो ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांनी जाऊन त्याचे अनावरण केले. ज्या देशाने आपले कितीतरी पुतळे चौकांतून काढले, त्या देशाच्या राजधानीत वाटेगावचा मराठी शाहीर पुतळा होऊन उभा राहिला. ह्याचा आम्हांला आनंद झाला. परंतु त्या वेळची जी वृत्ते आमच्या वाचनात आली त्यांत साहित्यरत्न होते, लोकशाहीर होते. 'लाल बावटा' हे दोन शब्द शोधावे लागले. आपल्या जिल्ह्यात १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात. आम्ही ज्या पाहिल्या त्यांतही तो रंग क्वचितच होता. अण्णाभाऊंना आपण ठेवले आहे, पण त्यांचा ध्वनी काढून घेऊन.

कोणी म्हणेल, लाल बावटा संपला असे कशावरून? म्हणणारा चूक नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून पायी मुंबईस गेले. त्या लाल टोप्यांची आणि सोललेल्या तळपायांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. आपल्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मोर्च्यांतही तो झेंडा अधूनमधून दिसतो. म्हणून तर ह्या आठवणीला वस्तुसंग्रहालयात बसविणे आपल्याला बुडापेस्टकरांइतके सोपे नाही; जे पुरते मेलेले नाही त्याची बाग करता येत नाही.

पण त्याचे मुद्रण करता येते. गेवराईच्या त्या वृद्ध गृहस्थांकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बरोबर त्यांचा नातू होता, खिशात मोबाइल. आजोबांनी नाना पाटलांचा तो आवाज पुन्हा काढला, ह्या वेळी दोन-तीन शब्दही आले: शेतसारा, सावकार, आणि एक गावचे नाव. मुलाने ते मुद्रित करून घेतले. आम्ही निघालो तेव्हा आजोबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सांगा लोकांना खुशाल. नाव मात्र छापू नका. पोरगं आता दुसऱ्या पक्षात आहे."